नव्या इमारती, हरकती आणि सुनावण्या: आवाज नेमका कुठे लावायचा?

नकाशावाचक

नव्या गृहप्रकल्पावरून परिसरात सभा भरते. हॉल तुडुंब, माईकची ओढाओढ, पाणी-पार्किंग-ट्रॅफिक यांवर दोन तास. मग महिन्याभराने कळतं की हरकतीची मुदत सभेच्या आठवडाभर आधीच संपली होती. महाराष्ट्रातल्या शहरांत हे इतक्या वेळा होतं की त्यावर एक धागा हवाच होता. ओरडण्याला माझा विरोध नाही, पण ओरडायचं ते दार उघडं असताना.

नागरिकाचं म्हणणं कायद्याने ऐकून घ्यावंच लागतं असे टप्पे मोजकेच आहेत. सगळ्याचं मूळ महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्यातलं कलम २६ म्हणजे संपूर्ण शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होणं आणि त्यावर हरकती-सूचना. साधारणपणे वीस वर्षांतून एकदा येणारी संधी. कलम ३७ म्हणजे मंजूर आराखड्यात किंवा नियमावलीत किरकोळ फेरबदल: एखाद्या भूखंडावरचं क्रीडांगणाचं आरक्षण हलवणं, शेती विभागातली जमीन निवासीत घेणं, नियमातला एखादा खंड बदलणं. 'किरकोळ' हा कायद्याचा शब्द आहे. शेजारी राहणाऱ्याला तो फेरबदल बिलकूल किरकोळ नसतो. यात सूचना प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना मिळतो आणि हरकत घेणाऱ्याला सुनावणी द्यावी लागते.

आता बहुतेकांना न पटणारी गोष्ट. जमीन आधीच निवासी विभागात आहे, बिल्डरने नियमात बसणारा नकाशा दाखल केलाय आणि तो बांधकाम परवानगी मागतोय, तर त्यावर शेजाऱ्यांची जाहीर सुनावणी नसते. कलम ४४ चा अर्ज, कलम ४५ ची परवानगी, हा अर्जदार आणि महापालिका यांच्यातला मामला. त्यामुळे 'आम्हाला न विचारता परवानगी दिलीच कशी' या घोषणेला कायद्यात उत्तर नाही. 'नियम मोडून परवानगी दिलीच कशी' याला आहे.

झाडांचं दार वेगळं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाखाली तोडीच्या अर्जावर जाहीर सूचना निघते आणि हरकतीला फक्त ७ दिवस मिळतात. झाडावर चिकटवलेला कागद दिसला की त्याच दिवशी तारखेसकट फोटो काढावा. पावसाळ्यात तो कागद दोन दिवसांत गळून जातो.

पागोळी

उपयुक्त धागा. पण एक दार राहिलं की! मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, त्याची जनसुनावणी होते. तिथे सगळ्या परिसराला बोलता येतं.

वाळूघड्याळ

@पागोळी, हा गैरसमज सभांमध्येही छातीठोकपणे सांगितला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत इमारत प्रकल्प अनुसूचीच्या ८व्या नोंदीत येतात. २०,००० चौ.मी. ते १,५०,००० चौ.मी.पेक्षा कमी बांधकाम म्हणजे ८(अ). त्यावरचं बांधकाम किंवा ५० हेक्टर आणि अधिक क्षेत्राची नगरी म्हणजे ८(ब). खाणी, कारखाने, औष्णिक केंद्रं यांना जनसुनावणी असते. इमारती आणि नगर वसाहतींना त्याच अधिसूचनेने जनसुनावणीतून वगळलेलं आहे. तेव्हा जनसुनावणीची वाट पाहत बसलात तर बसूनच राहाल.

मात्र हातात काहीच नाही असंही नाही. अर्ज 'परिवेश' पोर्टलवर दिसतो, राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समितीच्या बैठकांची इतिवृत्तं जाहीर असतात. समितीला लेखी निवेदन देता येतं. बोलावलंच पाहिजे असं बंधन तिच्यावर नाही. मंजुरी मिळाल्यावर विकासकाने स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायचं तर मुदत ३० दिवस, आणि पुरेसं कारण असेल तर पुढे कमाल ६० दिवसांची सवलत.

आणखी एक खाच. २०,००० चौ.मी. मोजताना फक्त चटईक्षेत्र धरायचं नाही. तळघर, पोडियम पार्किंग, सेवा मजले असं सगळं आच्छादित बांधकाम धरायचं. एफएसआयच्या (भूखंडाच्या किती पट बांधता येतं त्या निर्देशांकाच्या) तक्त्यात १४ हजार दिसणारा प्रकल्प पार्किंगचे मजले मिळवले की २० हजारांच्या पुढे जाऊ शकतो. हरकतीसाठी हा भक्कम मुद्दा आहे, कारण याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं.

चटईक्षेत्र

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एफएसआयचं गणित इथेच मांडून ठेवतो. सभेत कोणी 'दोनचा एफएसआय आहे' म्हणतं, कोणी 'तीनच्या वर चाललंय' म्हणतं, आणि दोघंही बरोबर असू शकतात.

मुंबईला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. उरलेल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. तिच्यात महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेरच्या निवासी भूखंडाला मूळ निर्देशांक १.१०. वर किती चढवता येईल ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम (शुल्क भरून मिळणारं जादा क्षेत्र) नाही आणि टीडीआरही (दुसरीकडे सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) नाही. ९ ते १२ मीटरच्या आत असेल तर ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर धरून २.००. १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५०, २४ ते ३० ला २.७५ आणि ३० मीटर व पुढे ३.००.

यावर निवासी वापराला ६० टक्के पूरक क्षेत्र, म्हणजे बोलीभाषेत 'अ‍ॅन्सिलरी'. पूर्वी बाल्कनी, जिना, लॉबी हे हिशेबाबाहेर असायचं, त्याची जागा याने घेतली. तेव्हा कागदावरचे २.२५ म्हणजे प्रत्यक्षात २.२५ × १.६ = ३.६.

उदाहरण: ४,००० चौ.मी. भूखंड, १२ मीटर रस्ता. ४,००० × ३.६ = १४,४०० चौ.मी. एका फ्लॅटमागे सामाईक भागासकट १०० चौ.मी. धरलं तर १४४ फ्लॅट. घरटी ५ माणसं, माणशी रोज १३५ लिटर पाणी हा नेहमीचा निकष. ७२० × १३५ = ९७,२०० लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने रोजच्या दहा खेपा. सुनावणीत 'पाणी पुरणार नाही' म्हणण्यापेक्षा 'रोज ९७ हजार लिटरची मागणी वाढतेय, या झोनची टाकी किती क्षमतेची आणि आज तिच्यावर किती जोडण्या आहेत' असं विचारा. अभियंत्याला मोघम बोलून सुटता येत नाही.

आता रस्त्याची रुंदी. वरच्या सगळ्या इमल्याचा पाया तीच आहे. आराखड्यातली रुंदी, ताब्यातली रुंदी आणि टेप लावून भरणारी रुंदी या तीन वेगळ्या गोष्टी. नकाशावर १२ मीटर आणि जागेवर साडेसात, असं सर्रास सापडतं. म्हणून हरकतीआधी भूखंडासमोर दोन टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी कुंपणापासून कुंपणापर्यंत मोजणी करून ठेवावी. शिवाय रस्ता रुंद दाखवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्तारेषा आखणं. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला तो याच वाटेने. तो वाद दिसायला रस्त्यांचा होता, असायला टीडीआरचा.

जिन्याखालची_सायकल

चटईक्षेत्र यांच्या पोस्टला +१. एक पुरवणी: उंची वाढली की बाजूचं मोकळं अंतरही वाढावं लागतं. उंच इमारतीला साधारण उंचीचा पाचवा भाग. ४५ मीटरच्या इमारतीला ९ मीटर सामासिक अंतर. अग्निशमन गाडी फिरायला ६ मीटरचा अडथळामुक्त पट्टा वेगळा पाहायचा. त्या पट्ट्यात यांत्रिक पार्किंगचा मनोरा, ट्रान्सफॉर्मर किंवा कुंड्यांची हौशी बाग दाखवली असेल तर ती हरकत चालते. प्रकाश-वारा-दृश्य अडतं ही हरकत मात्र एकटी टिकत नाही, ती अंतराच्या नियमाला जोडूनच लिहावी लागते. 'माझ्या बाल्कनीतून टेकडी दिसणार नाही' याला सुनावणी अधिकारी फक्त मान डोलावतो.

अर्जविनंती

हरकत लिहायची कशी, हे कोणी लिहिलं नाही. थोडक्यात सांगते, कारण निम्म्या हरकती मजकुरातच मरतात.

वर फेरबदलाच्या सूचनेचा क्रमांक आणि तारीख. खाली सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आणि आराखड्यातला आरक्षण क्रमांक. 'गणपती मंदिराशेजारचा मोकळा प्लॉट' असं लिहिलंत तर तुमचं पत्र कुठल्या फाइलला लावायचं हेच कारकुनाला कळत नाही. मग मुद्दे. एका मुद्द्याला एक परिच्छेद, आणि परिच्छेदाच्या शेवटी काय हवं ते: 'सबब सदर फेरबदल नामंजूर करावा' किंवा 'किमान इतकं क्षेत्र क्रीडांगण म्हणून कायम ठेवावं'. पर्याय नक्की द्यावा. निव्वळ नकार अमान्य करायला एक ओळ पुरते, पर्याय अमान्य करायला कारण लिहावं लागतं. सोबत भाग नकाशाची प्रत, मोजणीचे फोटो, आणि 'प्रत्यक्ष सुनावणी मिळावी' हे वाक्य स्वतंत्र ओळीत.

पत्ता कोणाचा? इथे फार जण चुकतात. कलम ३७ (१) चा फेरबदल महापालिका प्रसिद्ध करते, त्याच्या हरकती महापालिकेकडे. पण कलम ३७ (१कक) खाली राज्य शासन स्वतःच फेरबदल प्रस्तावित करतं, तेव्हा हरकती शासनाने सूचनेत नेमलेल्या नगररचना अधिकाऱ्याकडे द्यायच्या असतात, बहुधा विभागीय सहसंचालकांकडे. महापालिकेच्या आवक कक्षात टाकलेली हरकत तिकडे पोचेलच असं नाही. सूचनेतलं शेवटचं वाक्य वाचा, पत्ता तिथेच असतो.

कोपऱ्यावरचा

पण आकड्यात ताकद असते ना? आपल्या भागातून हजार सह्यांचं एकच निवेदन द्यायचं की हजार वेगळ्या हरकती?

अर्जविनंती

हजार सह्यांचं एक निवेदन म्हणजे नोंदवहीत एक हरकत. हजार छापील, तंतोतंत सारख्या हरकती म्हणजे एक गट, आणि गटाला मिळून एक सुनावणी. दोन्हींपेक्षा पंधरा-वीस वेगळ्या हरकती बऱ्या: एक पाण्यावर, एक शाळेच्या रस्त्यावर, एक नाल्याच्या पूररेषेवर, प्रत्येकीला तिचा पुरावा. सुनावणीत प्रत्येकाला जेमतेम तीन ते पाच मिनिटं मिळतात. वीस जण वेगळं बोलले तर तासभर विषय चालतो. वीस जण तेच बोलले तर तिसऱ्यानंतर अधिकारी पुढचं नाव पुकारतो.

टेहळणी

इथे थोडा असहमत. संख्येचा कायदेशीर उपयोग कमी असेल, राजकीय उपयोग मोठा आहे. मुंबईचा २०३४ चा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. हरकती साठ हजारांच्या पुढे गेल्या आणि त्याच एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. मसुद्यात चुकाही ढोबळ होत्या, वारसा वास्तू आणि रस्ते भलतीकडेच दाखवलेले, पण चुका आहेत हे हजारो लोकांनी आपापल्या गल्लीपुरतं तपासून लिहिलं म्हणून दिसलं.

नकाशावाचक

@टेहळणी, उदाहरण बरोबर, पण पुण्याचं शेजारी ठेवून पाहा. जुन्या हद्दीच्या आराखड्याचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, हरकती सुमारे ८७ हजार. नियोजन समितीने सुनावण्या घेतल्या, समितीतच मतभेद झाले, आणि २०१५ मध्ये शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून स्वतःकडे घेतला. म्हणजे संख्येमुळे प्रक्रिया हलते, पण ती कोणत्या बाजूला हलेल हे आपल्या हातात नसतं. मुंबईतही लोकांनी आपापल्या गल्लीपुरतं लिहिलं, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे ते छापील गठ्ठे नव्हते.

दोनखणी

सगळा धागा 'अडवायचं कसं' यावरच चाललाय, म्हणून दुसरी बाजू. ज्या इमारतीत आज आपण राहतो तीही कोणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर उभी आहे. नवी घरं मध्यवस्तीत नको म्हटलं की ती वीस किलोमीटर पलीकडे होतात. तिथे ना नळ ना बस, आणि तिथून रोज दुचाकी याच रस्त्यावर येते.

सर्वसमावेशक गृहनिर्माणावरून सभेत काय बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौ.मी. किंवा मोठ्या भूखंडावर मूळ निर्देशांकाच्या २० टक्के एवढी छोटी घरं अल्प व अत्यल्प उत्पन्न गटासाठी द्यावी लागतात, वाटप म्हाडाच्या सोडतीतून. चटईक्षेत्र यांच्याच उदाहरणात ४,००० × १.१० × २० टक्के म्हणजे ८८० चौ.मी. ४० चौ.मी.ची वीस-बावीस घरं. एवढ्यासाठी 'परिसराचा दर्जा' खालावतो म्हणायचं? हरकतीत 'कोण येणार' हा मुद्दा लिहाल तर बाकीचे चांगले मुद्देही त्याच्यासोबत बुडतील. किती येणार हे लिहा.

टेहळणी

@दोनखणी, मान्य. आणि उलट बाजूने एक उपयोग: ही २० टक्के घरं प्रकल्पात खरंच दाखवली आहेत का, हेच परिसराने तपासायला हवं. भूखंडाचे ३,९०० चौ.मी.चे तुकडे पाडून नियम चुकवला जात असेल तर जुना मोजणी नकाशा मागवून ते दाखवता येतं.

मैदानवाली

मला आरक्षणांबद्दल लिहायचंय, कारण सर्वात चुकीच्या लढाया तिथे होतात. क्रीडांगणाच्या आरक्षणावर इमारत येणार म्हटल्यावर सगळे बिल्डरवर तुटून पडतात. खरा प्रश्न महापालिकेला विचारायचा असतो: कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आणि कोणत्या तारखेला?

आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ पूर्वी ही मुदत १२ महिने होती) संपादन झालं नाही किंवा त्यासाठी ठोस पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता ठराव किंवा शासनाला पत्र पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सांगितलंय. तेविसाव्या महिन्यात काढलेल्या मोर्चाने मैदान वाचत नाही. दुसऱ्या महिन्यात अंदाजपत्रकात तरतूद मागितली, किंवा मालकाला टीडीआर देऊन जागा ताब्यात घ्यायचा आग्रह धरला, तर वाचू शकतं.

आरक्षण व्यपगत न होता फेरबदलाने उठवलं जात असेल तर १९९१ चा बंगलोर मेडिकल ट्रस्टचा निकाल वापरा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणं तिथे बेकायदा ठरलं होतं, आणि परिसरातल्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मान्य झाला.

कोपऱ्यावरचा

बरं, मग सभेचं काय? सभा घ्यायचीच नाही का?

सूत्रधार_नाही

घ्यायचीच, फक्त ती हरकती तयार करण्यासाठी. सूचना प्रसिद्ध झाल्यापासून पहिल्या दहा दिवसांत. क्षेत्रसभेची तरतूद महापालिका अधिनियमात आहे, पण बहुतेक शहरांत ती कागदावरच, त्यामुळे सभा रहिवाशांनाच भरवावी लागते.

काय लागतं: आराखड्याचा भाग नकाशा, भिंतीवर लावता येईल एवढा मोठा. सूचनेची छायाप्रत, दर दोन खुर्च्यांमागे एक. भूखंडाचं प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारा. प्रकल्प नोंदलेला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर टाकलेले मंजूर नकाशे. इतिवृत्त लिहिणारा एक माणूस, तो बोलणार नाही या अटीवर. दीड तासाच्या वर सभा चालवू नये. सुरुवातीची वीस मिनिटं फक्त 'काय प्रस्तावित आहे' यावर, मतं नाहीत. इथेच बहुतेक सभा घसरतात, कारण पहिला वक्ताच भाषण ठोकतो आणि प्रस्ताव काय आहे ते निम्म्या लोकांना शेवटपर्यंत कळत नाही.

व्यासपीठ नको. व्यासपीठ आलं की नगरसेवक येतो, मग दुसऱ्या पक्षाचा येतो, आणि उरलेला वेळ श्रेय कोणाचं यात जातो. त्यांना जरूर बोलवावं, खुर्ची सगळ्यांबरोबर द्यावी. विकासकाच्या वास्तुविशारदालाही बोलवावं. तो झाडं-कारंजी दाखवणारी रंगीत चित्रं घेऊन येईल. ती बाजूला ठेवून जागेचा नकाशा मागा, म्हणजे हद्द, सामासिक अंतरं, प्रवेशद्वारं, गाड्या उतरायची जागा, पावसाच्या पाण्याची दिशा. चित्रात शेजारची इमारत बहुतेक वेळा नसतेच, हे लक्षात आलंय का कोणाच्या?

पार्किंगवरची चर्चा शेवटी ठेवा. आधी घेतली तर दुसरा विषय येतच नाही.

सातवा_मजला

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा आणि परिसराची सभा यांतही गल्लत होते. सोसायटीची सभा सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या सूचनांनी चालते, सध्याचा शासन निर्णय ४ जुलै २०१९ चा. विकासक निवडीच्या विशेष सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश गणपूर्ती, आणि निवडीला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती. १०० सभासद असतील तर ६७ हजर हवेत आणि ५१ ची संमती हवी. हजर ६७ पैकी ३५ नव्हे! निबंधकांचा प्रतिनिधी उपस्थित असतो आणि चित्रीकरण होतं. आधीच्या, म्हणजे २००९ च्या निर्णयात हे आकडे अधिक कडक, तीन-चतुर्थांशाचे होते. जुन्या पुस्तिका वाचून सभेत भांडणारे त्यामुळे सापडतात.

वाळूघड्याळ

त्यात भर: या सूचना मार्गदर्शक आहेत, त्यातली प्रत्येक पायरी बंधनकारक नाही, असं उच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलंय. तेव्हा तांत्रिक त्रुटी दाखवून बहुमताचा निर्णय उलटेल या भरवशावर राहू नये. शेजारच्या सोसायट्यांना तर या सभेत काहीच स्थान नाही.

नकाशावाचक

कागद मिळवण्याचा सोपा मार्ग: माहिती अधिकारात अर्ज करून ३० दिवस थांबलात तर कलम ३७ चा महिना संपला. त्याऐवजी सोमवारी जा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला मिळतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. परिपत्रकाची प्रत खिशात असू द्या, समोरच्याला ते माहीत असेलच असं नाही. फाइलमध्ये टिपणीची पानं आधी पाहा; नकाशा सगळेच पाहतात. अग्निशमन, पाणीपुरवठा, मलनिःसारण यांचे अभिप्राय कोणत्या अटींवर दिलेत ते तिथे असतं. 'टाकीचं काम पूर्ण झाल्यावर जोडणी' अशी अट सापडली तर ती तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा.

पागोळी

आणि परवानगी मिळून काम सुरू झालं असेल तर? मग काहीच नाही?

जिन्याखालची_सायकल

थोडं उरतं. अर्जदाराने चुकीची माहिती देऊन परवानगी मिळवली असेल, म्हणजे रस्त्याची रुंदी खोटी दाखवली, झाडं किंवा विहीर लपवली, तर महापालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली ती रद्द करता येते. पुरावा तुम्ही द्यायचा. मंजूर नकाशाबाहेर बांधकाम चाललं असेल तर नगररचना अधिनियमाचं कलम ५३. सर्वात चांगली वेळ जोते तपासणीची, म्हणजे पाया जमिनीवर आल्यावर महापालिका तो तपासते तेव्हाची, कारण जोत्यावर एक मीटर सरकलेली इमारत दाखवता येते. दहाव्या मजल्यावर असताना तीच तक्रार केली तर बहुधा 'नियमित करून घेऊ' हे उत्तर मिळतं. कलम ४७ चं अपील मात्र अर्जदाराचं आहे, शेजाऱ्याचं नाही. त्यात वेळ घालवू नका.

अर्जविनंती

शेवटी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मुदत राजपत्राच्या तारखेपासून मोजायची की वृत्तपत्राच्या, यावर वाद घालत बसू नका. दोन्हींतली आधीची तारीख धरा, त्यातून आणखी चार दिवस वजा करा आणि तीच आपली मुदत समजा. शेवटच्या दिवशी आवक कक्षात रांग असते आणि शिक्का दुपारच्या जेवणाला गेलेला असतो. हरकत दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही घ्या. नुसत्या शिक्क्यावर तारीख पुसट उमटते आणि सुनावणीच्या यादीत नाव नसेल तेव्हा नेमकी तीच वाचता येत नाही. ई-मेलने पाठवली असेल तरी कागदी प्रत द्याच. आणि हरकतीखाली पत्ता लिहिताना पिनकोड विसरू नका, सुनावणीची नोटीस टपालाने येते.

कोपऱ्यावरचा

चार दिवस वजा करायचे हे लिहून घेतलं. आमच्या इथली सूचना मागच्या गुरुवारची आहे, म्हणजे सोमवारी फाइल बघायला जाणं आलंच. भाग नकाशा कुठल्या खिडकीवर मिळतो, विकास योजना विभाग की बांधकाम विभाग?

नकाशावाचक

विकास योजना विभाग. झोन दाखला आणि भाग नकाशा एकाच अर्जात मागा आणि सर्व्हे नंबर हिश्श्यासकट लिहा. हिस्सा नंबर नसेल तर अर्ज परत येतो आणि तो सोमवार फुकट जातो.